बार्बाडोस: कुठल्या पुळणीवर उतरायचं आणि कुठली नुसती बघायची

खडपावरचा

बार्बाडोस या कॅरिबियन बेटाची माहिती या फोरमवर चार धाग्यांत विखुरली आहे, म्हणून एका जागी लिहितो. बेट लहान आहे. लांबी सुमारे ३४ किमी, रुंदी सुमारे २३. गाडीने एका दिवसात वळसा पूर्ण होतो, आणि त्यामुळेच लोक फसतात. नकाशावर दहा किनारे दिसतात, सगळे जवळ वाटतात, मग प्रत्येक ठिकाणी पाण्यात उतरायचा बेत ठरतो. इथे किनारा निवडायचा तो फोटो बघून नाही, वारा बघून.

वारा जवळपास बारा महिने पूर्वेकडून, थोडा ईशान्येकडून वाहतो. पूर्वेला थेट आफ्रिकेपर्यंत जमीन नाही. त्यामुळे अटलांटिकची लाट हजारो किलोमीटर ताकद गोळा करत येते आणि पूर्व किनाऱ्यावर आदळते. पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला पडतो, म्हणून तिथलं पाणी बहुतेक दिवस तलावासारखं असतं. दक्षिण किनारा या दोघांच्या मधला: वॉर्दिंगला प्रवाळाच्या खडपामुळे पाणी शांत, रॉकलीला (स्थानिक लोक अ‍ॅक्रा म्हणतात) मुलांना उड्या मारता येतील एवढी लाट, आणि आणखी पूर्वेला सिल्व्हर सँड्सपर्यंत गेलात की वारा इतका की काइटसर्फिंगवाल्यांचीच गर्दी.

यावरून ढोबळ वाटणी अशी:

पोहायला: कार्लाइल बे, पेन्स बे, मुलिन्स, ऑइस्टिन्सजवळचा मायामी बीच, वॉर्दिंग.
लाटांशी खेळायला, पण किनाऱ्याच्या जवळच: रॉकली, डोव्हर, क्रेन.
नुसती बघायला: बाथशीबा, कॅटलवॉश, बॉटम बे.

क्रेन बीचची वाळू खरोखर गुलाबी छटेची आहे आणि लाटही मजेची, पण परतणाऱ्या पाण्याची ओढ जबर. कंबरेच्या पुढे जाऊ नका. बॉटम बे म्हणजे कड्यांच्या मधली पांढरी पुळण आणि माड. दिसायला सगळ्यात देखणी, पण तिथे लाइफगार्ड नाही आणि तळातून ओढ आहे.

कोकणातल्या माणसाला एक फरक लगेच जाणवेल. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो, इथे तो मीटरभर किंवा त्याहून कमी. म्हणजे ओहोटीला किनारा लांबवर उघडा पडत नाही आणि 'आता ओहोटी आहे, चला आत' हा आपला हिशेब चालत नाही. धोका पाण्याच्या उंचीत नसून लाटेच्या परतीच्या ओढीत आहे. लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा सपाट, गडद, फेसाशिवाय दिसला तर तो सुरक्षित समजू नका. आलेलं सगळं पाणी तिथूनच परत जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा आणि मग वळा. लाल झेंडा असेल तर उतरायचंच नाही, पिवळा असेल तर जपून, आणि लाल-पिवळे झेंडे दिसले तर त्या दोघांच्या मधल्या भागावर लाइफगार्डचं लक्ष असतं.

आणखी एक: इथले सगळे किनारे सार्वजनिक आहेत. पश्चिमेला हॉटेलं आणि बंगले इतके चिकटून आहेत की किनारा खासगी वाटतो, पण मधून मधून खाली जायच्या वाटा सोडलेल्या आहेत. आरामखुर्ची आणि छत्रीचं भाडं लागतं, वाळूवर बसायचं नाही.

सुरंगी

उत्तम धागा. मार्चच्या शेवटी पाच दिवस, मुलं ६ आणि ११ वर्षांची, सोबत सासूबाई (गुडघ्यांचा त्रास, फार चढउतार जमत नाही). राहायला पश्चिम बाजू की दक्षिण? आणि ते तपकिरी शेवाळ किती आडवं येतं?

खडपावरचा

सुरंगीताई, दक्षिण. हेस्टिंग्ज ते वॉर्दिंग या पट्ट्यात राहा. पश्चिम किनारा शांत आहे, पण महाग, आणि जेवायला दर वेळी गाडी काढावी लागते. हेस्टिंग्ज ते रॉकली पाण्याच्या कडेने दीड किलोमीटरच्या आसपास सपाट बोर्डवॉक आहे, मध्ये बाकं आहेत. सासूबाईंना रोज संध्याकाळी समुद्र मिळेल आणि एकही पायरी लागणार नाही. मुलांना पोहायला कार्लाइल बे बसने थोड्याच अंतरावर.

शेवाळाबद्दल: ते सारगॅसम. २०११ पासून कॅरिबियनमध्ये मोठ्या प्रमाणात यायला लागलं. मार्च-एप्रिलपासून वाढतं, उन्हाळ्यात सगळ्यात जास्त. तेही वाऱ्यासोबतच येतं, म्हणून पूर्व आणि आग्नेय किनारा आधी भरतो (क्रेन, बॉटम बे, बाथशीबा), दक्षिणेला कमी-जास्त, पश्चिमेला बहुतेक वेळा काहीच नाही. पाण्यातलं ताजं सारगॅसम त्रासदायक नाही, अंगाला नुसतं खरखरतं. किनाऱ्यावर साचून कुजलेल्या ढिगातून मात्र हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो, डोकं दुखतं. दम्याचं कुणी असेल तर तिथे थांबू नका. सरळ पश्चिमेला जा.

एक अपवाद ध्यानात ठेवा. डिसेंबर ते मार्च उत्तर अटलांटिकमधल्या वादळांच्या लांब लाटा कधी कधी उत्तरेकडून येतात आणि वळून पश्चिम किनाऱ्यालाही लागतात. त्या दोन-तीन दिवसांत पेन्स बेचं पाणी गढूळ होतं, वाळू ढवळते, स्नॉर्केलिंगला काही दिसत नाही. असे दिवस गुहा, बागा, राजधानी ब्रिजटाउन यांना द्या.

कट्टेकरी

व्हिसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण भारतातून थेट विमान नाही, आणि अडचण मधल्या विमानतळावर येते. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतोच, तिथे 'आतल्या आत' बदल ही सोय नाही. कॅनडातही ट्रान्झिट व्हिसाचं आधी बघा. लंडनमार्गे जाताना हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान असेल तर इमिग्रेशन ओलांडावं लागतं, तेव्हा साधा एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा (विमानतळाबाहेर न पडता विमान बदलण्याचा) पुरत नाही. तिकीट स्वस्त दिसतं ते नेमकं असंच असतं. विमानतळांची नावं वाचून मगच पैसे भरा.

अमेरिकेत एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असलेल्यांसाठी: पासपोर्टमधला व्हिसाचा स्टँप संपला असेल तर बार्बाडोसला जाऊ नका. स्टँप संपलेला असताना आय-९४ च्या (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीच्या) आधारे परत येण्याची जी सवलत आहे ती एच-१बीवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या छोट्या फेरीसाठी आहे. कॅरिबियन बेटं त्यात येत नाहीत. 'बार्बाडोसला व्हिसा नको' हे खरं, पण परत यायला हवा.

पुढे त्रिनिदादला जोडून जायचा विचार असेल तर पीतज्वराची लस. त्रिनिदादहून सहा दिवसांच्या आत भारतात पोचणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

तिठा

फिरण्याबद्दल भर घालतो.

बस तीन प्रकारच्या. सरकारी निळी, खासगी पिवळी मिनीबस, आणि पांढऱ्या व्हॅन ज्यांना सगळे झेडआर म्हणतात (नंबरप्लेटच 'झेडआर'ने सुरू होते). भाडं कुठूनही कुठेही सारखंच, ३.५० बार्बाडोस डॉलर. सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत आणि अमेरिकन डॉलर चालत नाही, म्हणून नाणी जवळ ठेवा. थांब्याच्या पाटीवर 'टू सिटी' किंवा 'आउट ऑफ सिटी' एवढंच लिहिलेलं असतं. सिटी म्हणजे ब्रिजटाउन. हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही. दक्षिण किनाऱ्यावर झेडआर इतक्या लागोपाठ येतात की वेळापत्रक बघायचीही गरज नाही, फक्त गाणी मोठ्याने आणि माणसं दाटीने. सासूबाईंना निळ्या बसमध्ये बसवा. बाथशीबाला मात्र बसने जाणार असाल तर परतीची वेळ उतरताना ड्रायव्हरला विचारून घ्या, त्या बाजूला फेऱ्या कमी.

टॅक्सीला मीटर नसतो. बसण्याआधी भाडं विचारा आणि लगेच पुढचा प्रश्न: कुठला डॉलर? १९७५ पासून दोन बार्बाडोस डॉलरला एक अमेरिकन डॉलर असा दर बांधलेला आहे, आणि दोन्हींचं चिन्ह एकच. 'चाळीस' म्हणजे चाळीस की ऐंशी हे ठरवूनच दार उघडायचं. मेनूकार्डावरही हेच. उरलेल्या स्थानिक नोटा बेटावरच संपवा, भारतात त्या कुणी बदलून देत नाही.

गाडी भाड्याने घेतलीत तर डाव्या बाजूने चालवायची, म्हणजे आपल्याला सोपं. आपला परवाना दाखवून पाहुण्यांसाठीचा तात्पुरता परवाना काढावा लागतो, गाडी देणारेच तो करून देतात. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट 'एच'ने सुरू होते, त्यामुळे तुम्ही पाहुणे आहात हे सगळ्यांना कळतं आणि लोक सांभाळून घेतात. मोठ्या रस्त्यावर चौकांऐवजी गोल चक्री आहेत, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आतल्या रस्त्यांवर उसाचा त्रास. ऊस उभा असला की वळणावर पलीकडचं काही दिसत नाही आणि रस्ता दीड गाडीचा. हॉर्न देत वळा. हॉर्नचा इथे दुसराही अर्थ आहे, 'पुढे या' आणि 'धन्यवाद', तेव्हा कुणी वाजवला म्हणून बिचकू नका.

पूर्वेच्या स्कॉटलंड डिस्ट्रिक्टमध्ये रस्ता खचलेला किंवा तुकड्यातुकड्याने दुरुस्त केलेला दिसेल. बाकी बेटावर, म्हणजे सुमारे ८५ टक्के भागावर, प्रवाळाच्या चुनखडीचं कवच आहे. या भागात ते झिजून गेलंय आणि खालची भुसभुशीत माती पावसात सरकते. मॅप दाखवेल ती जवळची वाट तिथे घेऊ नका, मोठा रस्ता धरा.

सुरंगी

तिठा, आभार. मग एका दिवसात वळसा कसा घ्यावा? सगळं कोंबायचं नाही.

तिठा

दक्षिणेतून सकाळी आठला निघा आणि घड्याळाच्या उलट दिशेने जा, म्हणजे सूर्यास्ताला पश्चिमेला पोचता. क्रेन (पाऊण तास, नुसतं बघायला), मग सेंट जॉन पॅरिश चर्च. चर्चच्या मागच्या दफनभूमीच्या कडेला उभं राहिलं की खाली सगळा पूर्व किनारा एका नजरेत येतो, आणि तिथपर्यंत गाडी जाते. तिथून बाथशीबा. जेवण तिथेच. पुढे कॅटलवॉशवरून किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेला, मॉर्गन लुईसची जुनी पवनचक्की, चेरी ट्री हिल, आणि जमलं तर सेंट निकोलस अ‍ॅबी. नाव अ‍ॅबी असलं तरी मठ वगैरे नाही, सतराव्या शतकातला साखरमळ्याचा वाडा आहे. शेवटी स्पाइट्सटाउनवरून मुलिन्सला पोहायला.

उत्तर टोकाची अ‍ॅनिमल फ्लॉवर केव्ह याच दिवसात बसते, पण आधी फोन करा. समुद्र खवळला की आत पाणी येतं म्हणून ती बंद ठेवतात. आत उतरायच्या पायऱ्या उभ्या आहेत, सासूबाईंनी वर कड्यावर बसावं, तिथूनही समुद्र छान दिसतो. हॅरिसन्स केव्ह वेगळ्या दिवशी ठेवा. तिथे ट्रॅमने बसून आत जाता येतं, चालणं नाही. गुडघेवाल्यांसाठी बेटावरची सगळ्यात चांगली सोय तीच. आधी आरक्षण करा.

वाड्यांची आणि साखरेची सहल करताना ती साखर कुणी पिकवली हेही बघावं. विमानतळाच्या बाजूला न्यूटन मळ्यापाशी गुलामांची दफनभूमी आहे. साधं गवताळ रान, पण थांबाच. आणि हायवेवरच्या एका गोल चक्रीत साखळ्या तोडून हात वर केलेला पुतळा दिसेल, त्याला लोक बुसा म्हणतात. १८१६ च्या गुलामांच्या बंडाचा पुढारी.

खडपावरचा

बाथशीबाला वेळ ओहोटीची धरा. वर मी भरती-ओहोटीचा फरक कमी म्हटलं, पण इथे तो मीटरभरच महत्त्वाचा. उघड्या समुद्रात उतरायचं नाहीच, पण ओहोटीला खडपाच्या आत पाण्याच्या नैसर्गिक टाक्या तयार होतात. बाहेर लाट फुटते, तिचा फेस खडपावरून टाकीत येतो आणि आत तुम्ही गळाभर पाण्यात बसलेले. मुलं तासभर बाहेर येत नाहीत. भरती लागली की तीच लाट टाकीतल्या माणसाला खडकावर घासते. पाणी कडेवरून वाहायला लागलं की उठायचं.

खडपावर चालताना रंग बघा. करडा, खडबडीत, कोरडा भाग पाय धरतो. हिरवट-काळी चकाकी असेल तिथे बारीक शेवाळ आहे, साबण लावल्यासारखं. अनवाणी नको, रबरी तळाचे पाण्यातले बूट घाला, कारण भेगांमध्ये काळे लांब काट्यांचे गोळे (सी अर्चिन, समुद्री जीव) बसलेले असतात. काटा पायात मोडला तर ओढून काढू नका, तो चुऱ्यासारखा तुटतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवा, व्हिनेगर लावा, खोल असेल तर डॉक्टर.

आता मँचिनील हे विषारी झाड, कारण मुलं सोबत आहेत. पश्चिम किनाऱ्यावर वाळूच्या कडेला दाट सावलीची झाडं दिसतात, चकचकीत हिरवी पानं, खाली छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं. सावली बघून चटई टाकायचा मोह होतो. खोडावर लाल पट्टा रंगवलेला असेल किंवा पाटी असेल तर तेच झाड. चीक बिब्ब्यासारखा, पण कितीतरी जहाल. फळ चावलं तर तोंड-घसा सुजतो. पाऊस आला तर चुकूनही खाली उभं राहू नका, पानांवरून टपकणाऱ्या पाण्यात चीक असतो आणि जिथे थेंब पडतो तिथे फोड उठतात. झाडं तोडत नाहीत कारण त्यांची मुळं वाळू धरून ठेवतात. सगळ्याच झाडांवर पट्टा असतो असं धरू नका. फळं पडलेली दिसली की दुसरी सावली शोधा. माड असेल तर वर नारळ आहेत का हे आपल्याला शिकवायला नको.

पाणकोंबडी

स्नॉर्केलिंगबद्दल. कार्लाइल बेमध्ये बुडालेली जहाजं किनाऱ्याच्या इतकी जवळ आहेत की नवशिक्यालाही दिसतात. १९१९ मध्ये बुडालेली बर्विन ही टग (जहाजं ओढणारी बोट) अगदी उथळ पाण्यात आहे. पण पोहत जायच्या वाटेवर जेटस्की आणि बोटी असतात, म्हणून बोटीनेच जा किंवा निदान रंगीत फुगा सोबत ओढत न्या.

मास्क भाड्याचा असेल तर पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर दुसरा मागा, पट्टा घट्ट करून पाणी थांबत नाही, उलट रबर दुमडतं आणि जास्त येतं. केसाची एक बट किंवा मिशी रबराखाली आली तरी गळतो. मिशीवर थोडं व्हॅसलीन चालतं. काच धुकटते तेव्हा आत बेबी शॅम्पूचा एक थेंब चोळा, एकदाच बुडवून काढा, चोळून धुऊ नका.

कासवं खाडीत नेहमी असतात. त्यांना हात लावू नका, आणि खाऊ घालणारी बोट निवडू नका. खायला मिळतं म्हणून ती बोटींपाशी घुटमळायला लागतात आणि पंख्याला सापडतात. वरून पाठलाग केला तर कासव श्वास घ्यायला वर यायचं टाळतं. जागच्या जागी तरंगत राहा, ती जवळून जातात. १३ अंश अक्षांशावरचं ऊन पाठीवर कळत नाही, म्हणून लांब बाह्यांचा पोहायचा सदरा घाला. क्रीम कमी लागतं, पाण्यातही कमी उतरतं.

नीरफणस

शाकाहारींसाठी. माझं नावच इथे पदार्थ आहे: नीरफणस भाजून, तळून, उकडून, लोणच्यासारखा काकडी-लिंबात घालून मिळतो. 'पीज अँड राइस'मधले पीज म्हणजे बहुतेक वेळा आपली तूरच, पण भातात खारवलेलं डुकराचं मांस घातलेलं असू शकतं, म्हणून 'मांस नाही ना' एवढं न विचारता 'कशात शिजवलाय' असं विचारा. कू-कू म्हणजे मक्याचं पीठ भेंडीच्या पाण्यात घोटून केलेली उकड. ती शाकाहारी, पण वरचा रस्सा उडत्या माशांचा. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं. रोटी सगळीकडे मिळते, त्रिनिदादहून आलेली, बटाटा-छोल्याची मागा. एकाला पुरते.

नोव्हेंबरात गेलात तर कॉन्की सोडू नका. मक्याचं पीठ, नारळ, भोपळा, बेदाणे केळीच्या पानात गुंडाळून वाफवतात. पातोळ्यांची चुलत बहीण. बेटाचा स्वातंत्र्यदिन ३० नोव्हेंबरला, तेव्हा घरोघरी होतात.

पिवळा पेपर सॉस मोहरी, हळद आणि स्कॉच बॉनेट मिरचीचा असतो. रंगावर जाऊ नका, आधी थेंबभर. ऑइस्टिन्सची शुक्रवारची मासळीची जत्रा मासे खाणाऱ्यांसाठी खरी, पण सातच्या आत पोचा, नंतर रांग फार. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, चुनखडीतून गाळून येतं.

बाराबंदी

क्रिकेटवाल्यांनी केन्सिंग्टन ओव्हल सोडू नये. २९ जून २०२४ ला भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-२० विश्वचषक जिंकला तो इथेच, पण मराठी माणसाचं या मैदानाशी नातं जुनं. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघातून दिलीप सरदेसाईंनी इथे १५० केल्या आणि दुसऱ्या डावात गावसकर नाबाद ११७. शेजारी क्रिकेटचं संग्रहालय आहे. केव्ह हिलला विद्यापीठाच्या मैदानाजवळ वॉरेल, वॉलकॉट आणि वीक्स या वेस्ट इंडिजच्या तिघा फलंदाजांच्या समाध्या आहेत, तिथे कुणी जात नाही, जा.

त्या विजयानंतर संघ अडकला होता तो बेरिल वादळामुळे. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम. बार्बाडोस मुख्य पट्ट्याच्या थोडं बाहेर, पूर्वेला असल्याने थेट तडाखा कमी बसतो, पण विमानं रद्द होतात. त्या महिन्यांत परतीचं तिकीट बदलता येणारं घ्या.

सुरंगी

सगळं उतरवून घेतलं. धाकट्याची मिलिटरी छापाची टोपी आहे, ऊन लागू नये म्हणून. चालेल ना?

तिठा

नाही. बार्बाडोसमध्ये तसलं छापील कापड घालणं कायद्याने बंद आहे, लहान मुलांनासुद्धा. टोपी, पिशवी, चड्डी, काहीच नको. विमानतळावरच काढून घेऊ शकतात. दुसरी टोपी घ्या, हनुवटीखाली बांधता येईल अशी, नाहीतर क्रेनच्या कड्यावरचा वारा ती पहिल्याच दिवशी घेऊन जाईल.